मॉडेल जुळते, उत्तरे जुळत नाहीत: स्ट्रक्चरल सॉफ्टवेअरमधील एककांच्या घोळाचे निवारण

इमारतींच्या सांगाड्याचे गणित करणाऱ्या स्टॅड प्रो या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेले मॉडेल सॅप २००० किंवा ईटॅब्स या तशाच सॉफ्टवेअरमध्ये नेले की पडद्यावरचा सांगाडा हुबेहूब तोच दिसतो आणि ॲनालिसिसही विनातक्रार पूर्ण होते. तरीही इमारतीचा आवर्तनकाल (एक पूर्ण झोका घेण्यास लागणारा वेळ) तिप्पट येतो, एखादा सपोर्ट (आधार) अचानक मऊ पडतो, किंवा काल पास झालेली बीम आज डिझाइनमध्ये सपशेल फेल होते. अशा वेळी इम्पोर्ट नीट झाले नसेल असे गृहीत धरून तीच फाइल पुन्हा नेली जाते आणि तोच दोष पुन्हा समोर येतो. याचे कारण असे की फाइल जाताना काहीच तुटलेले नसते. काही आकडे आपले एकक मागे ठेवून पुढे गेलेले असतात.

निवारणाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. एकक हे फाइलला नसते, फाइलमधील प्रत्येक आकड्याला असते. सांगाड्याचे चित्र केवळ लांबीवर बेतलेले असल्यामुळे चित्र बरोबर दिसणे याचा अर्थ लांबीचे एकक जुळले इतकाच होतो. बल, वस्तुमान, कोन, तापमान आणि यांच्यापासून बनणारी घनता, स्थितिस्थापकता गुणांक, स्प्रिंगचा ताठरपणा ही एकके जुळली की नाही, याविषयी ते चित्र काहीही सांगत नाही. उलट लांबीच चुकली असेल तर इमारत हजारपट मोठी दिसते आणि चूक मिनिटभरात सापडते. म्हणून खरी काळजी चित्र बरोबर असलेल्या मॉडेलची करावी लागते.

आधी गुणोत्तर काढावे

दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये एकच साधी लोड केस (एकाच प्रकारचा भार) घ्यावी, लोड कॉम्बिनेशन (अनेक भारांची एकत्रित बेरीज) घेऊ नये, आणि बेस रिॲक्शन (पायाशी येणारी प्रतिक्रिया), एका ठरावीक नोडचे (जोडबिंदूचे) डिफ्लेक्शन (सरकणे) व पहिला आवर्तनकाल या तीन उत्तरांची गुणोत्तरे काढावीत. एककाच्या चुकीतून आलेले गुणोत्तर ठरावीक आकड्यांपैकीच एक असते, आणि त्या आकड्यावरून चूक कोठे आहे ते बरेचसे समजते.

बेस रिॲक्शन ९.८१ पट किंवा त्याच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ०.१०२ पट आले, तर किलोग्रॅम-बल आणि न्यूटन यांची कोठेतरी अदलाबदल झाली आहे. आवर्तनकाल ३.१३ पट आला, तर तो ९.८०६६५ चे वर्गमूळ आहे. वस्तुमानाच्या जागी वजन गेले आहे. आवर्तनकाल ३१.६ पट आला, तर ते १००० चे वर्गमूळ असल्यामुळे टन आणि किलोग्रॅम यांचा घोळ आहे असे समजावे. ४.४४८ हे किप (हजार पौंड-बल) आणि किलोन्यूटन यांचे प्रमाण आहे, ६.८९५ हे केएसआय (किप प्रति चौरस इंच) आणि मेगापास्कल यांचे, ४७.८८ हे पौंड प्रति चौरस फूट आणि पास्कल यांचे. ३०४.८ (फूट आणि मिलिमीटर) आणि २५.४ (इंच आणि मिलिमीटर) हे आकडे सर्वांच्या ओळखीचे आहेत. ५७.३ दिसले की रेडियन आणि अंश यांच्याकडे पाहावे, आणि तापमानाच्या केसमध्ये १.८ दिसले की सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांच्याकडे.

गुणोत्तर १.०६, १.१५ किंवा १.०२५ असे आले, तर बहुधा तो एककाचा दोष नसतो. त्याकडे पुढे येऊ.

स्टॅडची मजकूर फाइल कशी वाचावी

स्टॅड प्रोची इनपुट फाइल साधा मजकूर असते आणि त्यात ‘यूनिट मीटर केएन’ अशा अर्थाची आज्ञा कितीही वेळा येऊ शकते. अशी प्रत्येक आज्ञा तिच्याखालच्या ओळींना, पुढची यूनिट आज्ञा येईपर्यंत, लागू होते. नोडचे निर्देशांक मीटरमध्ये, मटेरियल मीटर-किलोन्यूटनमध्ये आणि डिझाइन पॅरामीटर मिलिमीटर-न्यूटनमध्ये अशी रचना एकाच फाइलमध्ये सर्रास आढळते आणि ती चूकही नाही. दोष तेव्हा शिरतो, जेव्हा कोणी फाइलच्या मधल्या भागात ओळी चिकटवतो, किंवा स्वतः लिहिलेला एखादा छोटा प्रोग्राम फक्त पहिली यूनिट ओळ वाचून संपूर्ण फाइल तिच्यानुसार धरतो. म्हणून मॉडेल पाठवण्यापूर्वी फाइलमध्ये ‘यूनिट’ हा शब्द शोधून त्याची प्रत्येक जागा पाहावी आणि शक्य असल्यास संपूर्ण फाइल एकाच एककात आणावी.

येथे एक योगायोग फार फसवतो. एक किलोन्यूटन प्रति मीटर म्हणजे बरोबर एक न्यूटन प्रति मिलिमीटर. त्यामुळे मीटर-किलोन्यूटनमध्ये लिहिलेले भार चुकून मिलिमीटर-न्यूटनच्या आज्ञेखाली गेले, तरी बीमवरचा २५ चा समान पसरलेला भार अगदी बरोबर राहतो, आणि १०,००० चा सरळ स्प्रिंगसुद्धा बरोबर राहतो. त्याच वेळी ५० किलोन्यूटनचा बिंदुभार ५० न्यूटन होतो, म्हणजे जवळजवळ नाहीसा होतो, आणि स्लॅबवरचा ४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरचा भार ४,००० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर होतो. ज्याने ताळा घेण्यासाठी भिंतींच्या भाराची केस निवडली, त्याला सर्व काही ठीक दिसेल. मातीच्या सबग्रेड मॉड्युलसला (पायाखालच्या मातीच्या ताठरपणाला) हा योगायोग लागू नाही: २०,००० किलोन्यूटन प्रति घनमीटर म्हणजे केवळ ०.०२ न्यूटन प्रति घनमिलिमीटर. एकच प्रकारचा भार तपासून समाधान मानू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळे.

डिझाइन पॅरामीटरांची गोष्टही अशीच आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानक संहितेसाठी मुख्य सळईची ताकद ५०० लिहायची तर ती ओळ मिलिमीटर-न्यूटनच्या आज्ञेखाली हवी. तीच ओळ मीटर-किलोन्यूटनखाली गेली तर ५०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे ०.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे स्टील धरले जाते. क्लिअर कव्हरचे २५ मीटरखाली गेले तर काय होईल, ते सांगायला नको. हे दोष मोठे असल्यामुळे लपत नाहीत, पण ते ॲनालिसिसमध्ये न दिसता डिझाइनमध्येच उगवतात आणि शोधणारा उगाच भारांमध्ये शोधत बसतो.

कोडमधील काही सूत्रे तर एककांशी बांधलेलीच असतात. आयएस ४५६:२००० मधील काँक्रीटच्या स्थितिस्थापकता गुणांकाचे सूत्र, ५००० गुणिले काँक्रीटच्या ताकदीचे वर्गमूळ, हे फक्त न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्येच खरे आहे. एम २५, म्हणजे २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या काँक्रीटसाठी ते २५,००० देते. एक्सेलच्या तक्त्यात ताकद २५,००० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर अशी ठेवून हेच सूत्र लावले तर सुमारे ७,९०,५६९ हा आकडा येतो, आणि तो कोणत्याही एककात बरोबर नसतो. अमेरिकी संहितेतील पीएसआयसाठीचा (पौंड प्रति चौरस इंच) ५७,००० हा गुणक मेगापास्कलमध्ये ४,७०० होतो, तो याच कारणाने.

कोन: सर्वांत उशिरा सापडणारा दोष

स्टॅड प्रोमध्ये सपोर्टला फिरकीचा स्प्रिंग देताना त्याचा ताठरपणा प्रति अंश द्यावा लागतो. सॅप २००० आणि ईटॅब्स तोच ताठरपणा प्रति रेडियन घेतात. एक रेडियन म्हणजे ५७.२९५८ अंश, त्यामुळे ५,००० किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियनचा पाया स्टॅडमध्ये ८७.२७ असा लिहिला गेला पाहिजे. आकडा तसाच्या तसा एकीकडून दुसरीकडे गेला, तर स्टॅडकडून सॅपकडे जाताना पाया ५७ पट मऊ होतो आणि दुसऱ्या दिशेने, सॅपकडून स्टॅडकडे, जवळजवळ फिक्स होतो.

यात धोका दुसऱ्या दिशेचा जास्त आहे. पाया मऊ झाला तर ड्रिफ्ट (इमारतीचे आडवे सरकणे) वाढतो, मर्यादा ओलांडली जाते आणि कोणीतरी विचारणा करते. पाया फिक्स झाला तर ड्रिफ्ट कमी होतो, सर्व तपासण्या पास होतात आणि कोणालाही शंका येत नाही. उभ्या भाराखाली बेस रिॲक्शनची बेरीज दोन्ही वेळा तंतोतंत जुळते, कारण समतोलाला स्प्रिंगच्या ताठरपणाशी देणेघेणे नसते. फिरकीचे स्प्रिंग असलेल्या प्रत्येक मॉडेलमध्ये ते हाताने पाहावेत. त्याला पर्याय नाही.

त्यातच स्टॅडच्या मेट्रिक आउटपुट फाइलमध्ये नोडचे विस्थापन सेंटिमीटरमध्ये आणि नोडची फिरकी रेडियनमध्ये छापली जाते. म्हणजे इनपुट अंशाचा आणि आउटपुट रेडियनचा, हे दोन्ही एकाच कामात येतात. मिलिमीटरमध्ये उत्तर देणाऱ्या सॉफ्टवेअरशी तुलना करताना दहापटीचा फरक दिसला, तर आधी आउटपुटच्या तक्त्याचे शीर्षक वाचावे.

वजन, वस्तुमान आणि गुरुत्व

स्टॅडच्या मटेरियलमध्ये ‘डेन्सिटी’ या नावाखाली वजनाची घनता असते आणि वस्तुमान काढण्यासाठी तिला सॉफ्टवेअर स्वतः गुरुत्वत्वरणाने भागते. सॅप २००० आणि ईटॅब्समध्ये घनफळामागे वजन आणि घनफळामागे वस्तुमान हे दोन वेगळे आकडे असतात. मीटर-किलोन्यूटनमध्ये काँक्रीटचे वजन २५ असेल तर वस्तुमान २.५४९ टन प्रति घनमीटर असायला हवे. न्यूटन-मिलिमीटरमध्ये वजन ०.००००२५ होते आणि वस्तुमानाच्या आकड्यात दशांश चिन्हानंतर आठ शून्ये येतात: ०.००००००००२५४९. मधल्या कोणत्या तरी तक्त्यातून मटेरियल आणताना वस्तुमानाच्या रकान्यात २५ गेले, तर सेल्फवेटची (स्वतःच्या वजनाची) बेरीज अचूक राहते आणि आवर्तनकाल मात्र ३.१३ पट होतो. आवर्तनकाल वाढला की रिस्पॉन्स स्पेक्ट्रममधील (आवर्तनकालानुसार भूकंपाचे त्वरण देणाऱ्या आलेखातील) त्वरण उतरते, त्यामुळे हा दोष एरवीही दिशाभूल करणाराच ठरतो.

रिस्पॉन्स स्पेक्ट्रमच्या स्केल फॅक्टरमध्येही गुरुत्वत्वरण दडलेले असते. भूकंपाच्या आयएस १८९३ या संहितेसाठी महत्त्व गुणांक १ आणि प्रतिसाद न्यूनीकरण गुणांक ५ धरून स्पेक्ट्रममध्ये झोन गुणांक आधीच असेल, तर हा फॅक्टर ९.८०६६५ भागिले १०, म्हणजे मीटरमध्ये ०.९८०६६५ आणि मिलिमीटरमध्ये ९८०.६६५ येतो. मजकूर फाइलमध्ये त्या आकड्याशेजारी एकक लिहिलेले नसते. ते फाइलच्या सुरुवातीच्या एककाच्या ओळीवरून ठरते. एका प्रकल्पातील ओळ दुसऱ्यात चिकटवताना ही सुरुवातीची ओळ आधी पाहावी.

जे एककासारखे वाटते पण एकक नाही

बेस रिॲक्शनमध्ये पाच-सहा टक्क्यांचा फरक आला की एककांवर संशय घेतला जातो. येथे स्टॅडचे मूळ मटेरियल पाहावे. त्यातील काँक्रीटची घनता २३.५६१६ किलोन्यूटन प्रति घनमीटर आहे, जी १५० पौंड प्रति घनफुटावरून आलेली आहे. गुणांक २,१७,१८,५०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आहे, जो ३,१५० केएसआय होतो. स्टीलची घनता ७६.८१९५ आहे, जी ०.२८३ पौंड प्रति घनइंच होते. म्हणजे हे आकडे अमेरिकी मूल्यांची अचूक रूपांतरे आहेत. रूपांतर चोख आहे, पण ती मूल्ये आपली नाहीत: आयएस ४५६ प्रबलित काँक्रीटसाठी २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर घेण्यास सांगते, म्हणजे सहा टक्के जास्त, आणि एम २५ साठी गुणांक २५,००० मेगापास्कल देते, म्हणजे पंधरा टक्के जास्त. पोलादाची संहिता आयएस ८०० स्टीलसाठी २,००,००० मेगापास्कल देते, तर स्टॅडमध्ये २,०५,००० असतात. १.०६, १.१५ आणि १.०२५ ही गुणोत्तरे येथून निघतात. मटेरियल दोन्हीकडे स्वतः भरले की हे फरक जातात. विचित्र दशांश असलेला आकडा दिसला की तो कोणत्या परक्या पूर्णांकातून आला असावा, हे काढून पाहण्याची सवय फार उपयोगी पडते.

दशांशस्थळांची काटछाट

एकक बरोबर असूनही आकडा बिघडू शकतो, आणि तो बिघडतो तेही एककामुळेच. जुन्या पोलाद तक्त्यांत आयएसएमबी ३०० (३०० मिलिमीटर खोलीची पोलादी आय-आकाराची बीम) चा मुख्य अक्षावरचा मोमेंट ऑफ इनर्शिया (वाकण्याला होणारा विरोध ठरवणारा गुणधर्म) ८,६०३.६ सेंमी⁴ आणि गौण अक्षावरचा ४५३.९ सेंमी⁴ आहे. मीटरमध्ये हे अनुक्रमे ०.००००८६०३६ आणि ०.०००००४५३९ होतात. मधला तक्ता सहाच दशांशस्थळे ठेवत असेल तर पहिला ०.००००८६ होतो, ज्याने काही बिघडत नाही, पण दुसरा ०.०००००५ होतो, म्हणजे दहा टक्क्यांनी फुगतो. टॉर्शनचा स्थिरांक तर थेट शून्य होतो, कारण तो मुळात ०.००००००२ च्या आसपास असतो. म्हणून सेक्शनचे गुणधर्म मीटरमध्ये कधीही पाठवू नयेत. मिलिमीटरमध्ये पाठवावेत, किंवा नुसते सेक्शनचे नाव पाठवून पलीकडच्या लायब्ररीतून ते निवडावेत.

नोडच्या निर्देशांकांचेही असेच होते. फुटांत दोन दशांशस्थळे म्हणजे ३ मिलिमीटरची पायरी. एकाच जागी असायला हवे असलेले दोन नोड त्यामुळे वेगळे पडतात आणि मर्ज टॉलरन्स (किती जवळचे नोड एक धरायचे ती मर्यादा) एक मिलिमीटर असेल तर जोडलेही जात नाहीत. अस्थिरतेचा इशारा आला की सपोर्ट बदलण्याआधी हे पाहावे.

इतर वाटा

डीएक्सएफ या रेखाचित्राच्या फाइलच्या शीर्षभागात ‘इन्सयूनिट्स’ नावाचे चल असते: १ म्हणजे इंच, २ फूट, ४ मिलिमीटर, ५ सेंटिमीटर, ६ मीटर आणि ० म्हणजे काहीच ठरवलेले नाही. शून्य असेल तर पाठवणाऱ्याला विचारावे, अंदाज करू नये. इमारतीच्या मॉडेलची देवाणघेवाण करणारी आयएफसी फाइल मजकूर म्हणून उघडता येते आणि तिच्यात एककांची यादी एकत्र दिलेली असते. त्या यादीत लांबी आणि कोन असून बल नसेल, तर त्या फाइलमधील भारांवर आणि ताकदींवर विसंबू नये. इमारतीचे मॉडेल बनवणारे रेव्हिट हे सॉफ्टवेअर लांबी आतून नेहमी दशांश फुटांत ठेवते, पडद्यावर काहीही दिसो. त्यामुळे त्याच्या प्रोग्रामिंग इंटरफेसमधून २३० मिलिमीटरची बीम ०.७५४६ अशी वाचली जाते. सॅप २००० च्या इंटरफेसमध्ये चालू एकक क्रमांकाने ठरते, ५ म्हणजे किलोन्यूटन-मिलिमीटर आणि ६ म्हणजे किलोन्यूटन-मीटर, म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ते स्पष्टपणे ठरवून घ्यावे.

तापमानाविषयी एवढेच. स्टॅडच्या यूनिट आज्ञेत तापमान नसते. तापमानातील फरक आणि प्रसरण गुणांक परस्परांशी सुसंगत ठेवणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी असते. सॅप २००० आणि ईटॅब्स या सीएसआय कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र सेल्सिअस किंवा फॅरनहाइट हा एककाचा तिसरा भाग असतो.

आपल्याकडे जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आणखी एक थर येतो. १९६४ च्या आयएस ४५६ मध्ये काँक्रीटची प्रत किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये होती, त्यामुळे त्या काळच्या नकाशावरचे एम १५० म्हणजे आजचे साधारण एम १५. साइटवर आजही सळई सुतात सांगितली जाते आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सुताची सळई १५.८७५ मिलिमीटरची असते. तिला १६ धरल्याने क्षेत्रफळात दीड टक्क्याचा फरक पडतो, तो चालतो, पण तो जाणीवपूर्वक स्वीकारावा.

ताळा मॉडेल

वरील सर्व दोष एकाच वेळी पकडण्यासाठी खऱ्या मॉडेलच्या आधी एक लहान मॉडेल त्याच वाटेने न्यावे. त्यात दोन भाग पुरेत. पहिला भाग म्हणजे ६ मीटरची आयएसएमबी ३०० बीम, दोन्ही टोकांना पिन, गुणांक २,०५,००० मेगापास्कल. मध्यावर ५० किलोन्यूटनच्या बिंदुभाराने प्रत्येक टोकाला २५ किलोन्यूटन रिॲक्शन आणि वाकण्यामुळे १२.७६ मिलिमीटर डिफ्लेक्शन यायला हवे. शिअर डिफॉर्मेशन धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते सुमारे १३.२ येते. सेल्फवेटच्या केसमध्ये दोन्ही रिॲक्शनची बेरीज २.६ किलोन्यूटन यावी. तापमान २० अंश सेल्सिअसने वाढवल्यास, प्रसरण गुणांक ०.००००१२ धरून, बीममध्ये सुमारे २७७ किलोन्यूटन दाब यावा. १५४ आला तर फॅरनहाइट आड आले आहे.

दुसरा भाग म्हणजे त्याच सेक्शनचा ३ मीटर उंच, खाली फिक्स असलेला खांब. त्याच्या डोक्यावर १० टन वस्तुमान ठेवावे, त्याचे स्वतःचे वजन शून्य करावे आणि मुख्य अक्षावरचा आवर्तनकाल पाहावा. तो ०.४५ सेकंदाच्या आसपास यावा, १.४ आला तर वजन वस्तुमानाच्या जागी बसले आहे. नंतर पाया ५,००० किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियनचा करून डोक्यावर मुख्य अक्षाभोवती १०० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट द्यावा. पायाशी ०.०२ रेडियन फिरकी यायला हवी. ०.०००३५ आली तर स्प्रिंग प्रति अंश वाचला गेला आहे.

हे उत्तरांचे सहा आकडे मॉडेलसोबत एका पानावर पाठवावेत, आणि त्याच पानावर फाइलचे एकक, वर दिशेचा अक्ष, फिरकीच्या स्प्रिंगचे एकक आणि मटेरियलची दोन्ही घनतामूल्ये लिहावीत. अक्षाचा उल्लेख यासाठी की स्टॅडमध्ये मुळात वाय अक्ष वर असतो आणि ईटॅब्समध्ये झेड. घेणाऱ्याने आपले सहा आकडे त्याच पानावर शेजारी भरून पान परत करावे, आणि दोघांपैकी कोणीही सॉफ्टवेअरची आवृत्ती किंवा कार्यालयाचे टेम्प्लेट बदलले की ताळा मॉडेल पुन्हा चालवावे.